बिनवाळूची वाट

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी दिलेलं पाणी त्यांनी प्यायलं नाही. पेला हातात घेऊन ते तसेच दारातून बाहेर गेले, आमच्या नव्या फरशीच्या अंगणात मधोमध उभे राहिले आणि पेला उपडा केला. पाणी फरशीवरून कुंड्यांच्या रांगेकडे धावलं, तिथून वळलं आणि फाटकाखालून रस्त्यावर गेलं. ते त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत चालत गेले, परत आले आणि मला म्हणाले, "बघितलंत? तुमचं पाणी तुमच्याकडे थांबलं नाही. आता एक पेला प्यायला द्या."

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. तुम्ही मागच्या वेळी आलात त्याच्या थोडं आधीच ते दोघं नवरा-बायको मुलीकडे नागपूरला राहायला गेले. शेजारच्या बंगल्यात आता हिंजवडीला कामाला जाणारी मुलं भाड्याने राहतात. रात्री उशिरा येतात, सकाळी झोपतात, आणि त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं अजून काही घडलेलं नाही. या गृहस्थांबद्दल लिहावं तेवढं थोडं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की माणसाबद्दल लिहायचं तर जन्म, शिक्षण, नोकरी असं ओळीने लिहावं. तसं लिहायला मी दोनदा बसले. पण हा माणूस एका ओळीत बसणाऱ्यांपैकी नव्हता.

गावात त्यांना सगळे तांब्यासाहेब म्हणत. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत पाण्याने भरलेला तांब्याचा तांब्या, तांब्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. जिथे जातील तिथे थोडं पाणी जमिनीवर ओतायचं आणि ते कुठे जातं ते वाकून पाहायचं. पौडला तहसील कचेरीत कसल्याशा दाखल्यासाठी गेले होते. रांग मोठी होती. हे बाहेर येऊन कचेरीच्या आवारात पाणी ओतून बघत बसले. हवालदार आला. "काका, काय चाललंय?"

"तुमच्या कचेरीची तपासणी."

"वरून आलाय काय?" हवालदाराने आवाज खाली आणून विचारलं.

"नाही. खाली काय जातंय ते बघतोय."

पिरंगुटच्या एका मंगल कार्यालयात तर त्यांनी कहर केला. त्या दिवशी पिशवी घरी विसरलेली. कार्यालयाचं प्रचंड वाहनतळ सगळं सिमेंटचं होतं, ते पाहून त्यांचे हात शिवशिवायला लागले. मांडवात एक भरलेला तांब्या दिसला, तो उचलला आणि बाहेर नेऊन ओतला. नवरदेवाचे पाय धुवायला ठेवलेलं पाणी होतं ते. भटजी मंत्र थांबवून बसले, मुलीचे वडील तांब्या शोधत फिरले, आणि वहिनी, म्हणजे साहेबांची बायको, माझ्या कानाशी म्हणाल्या, "ताई, आपण जेवायला आधीच्या पंगतीला बसू या. मागाहून आपल्याला कुणी वाढेल असं वाटत नाही."

साहेबांची आयुष्यभर रस्ते बांधण्याच्या खात्यात नोकरी झालेली. त्याबद्दल ते एकच गोष्ट सांगत, आणि सांगताना खुर्चीवरून उठून येरझाऱ्या घालत. "आम्ही काय केलं जन्मभर? पाण्याला हाकलून लावलं. रस्त्यावर पाणी दिसलं की गटारात ढकला. गटार भरलं की ओढ्यात ढकला. ओढा भरेपर्यंत माझी बदली झालेली असायची."

आमच्या बाजूला तेव्हा रोज नवं काहीतरी उभं राहत होतं. आज भाताचं खाचर दिसतंय तिथे पुढच्या महिन्यात दगडी कुंपण, त्यापुढच्या महिन्यात पोहण्याचा तलाव आणि आत जायला चकचकीत फरसबंदी. साहेब सकाळी फिरायला निघत आणि प्रत्येक नव्या फाटकाशी थांबत. परत येत ते चिडून. तुमचे आजोबा त्यांना म्हणाले, "अहो, फिरायला जाता का पंचनामा करायला?" त्यावर ते हसलेसुद्धा नाहीत.

हे सगळं वेड वाटायचं, आणि होतंही. पण ते कुठून आलं ते वहिनींनी मला एकदा शेंगा सोलता सोलता सांगितलं, आणि मग मला त्यांच्यावर हसणं जड जाऊ लागलं.

ओढ्याकाठी ग्रामपंचायतीची बाग आहे. तुम्ही झोपाळ्यांवर खेळलात ती. बाग नवी करायची ठरली तेव्हा पंचायतीने साहेबांना विचारलं, तुम्ही रस्त्यांच्या कामातले जाणकार, वाट कसली करू? साहेब नुकतेच निवृत्त होऊन आले होते. त्यांनी शहरात जाऊन स्वतः फरशी पसंत केली. गुळगुळीत, तपकिरी, दिसायला सुरेख. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत नाही. चार-चार दिवस तो श्वाससुद्धा घेत नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात त्या फरशीवर पाणी साचून शेवाळ धरलं आणि वहिनी तिथे घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

हाड जुळलं. पण ओल्या जमिनीची भीती बसली ती बसलीच. वहिनींना पावसात चालण्याची भारी हौस होती. लहानपण कोकणात गेलेलं, छत्री न्यायची ती नुसती काखेत मारून. आता आभाळ भरून आलं की त्या दार लावून घेत. दाराबाहेर ओलं दिसलं की उंबऱ्याशी पाय थबके. म्हणजे आमच्याकडे जून ते ऑक्टोबर त्या घरात कोंडलेल्या. खिडकीत बसून स्वेटर विणत आणि विणलेलं उसवत.

"मी त्यांना एक शब्द बोलले नाही हो फरशीवरून," वहिनी म्हणाल्या. "बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांना आता मला पावसात चालवून दाखवायचंय. मला वाट नको, घरात जरा शांतता हवी."

तर साहेबांना बागेची वाट उखडून नवी करायची होती. वाळू न घातलेल्या काँक्रीटची. एकसारख्या आकाराची बारीक खडी, सिमेंट आणि पाणी अगदी बेताचं. खडीला खडी चिकटते, पण मध्ये फटी राहतात. वरून पडलेलं पाणी त्या फटींतून सरळ खाली जमिनीत जातं. वर थेंब थांबत नाही, मग शेवाळ कुठलं? हे त्यांनी ग्रामसभेत समजावून सांगितलं आणि कुणाला काही कळलं नाही. मग त्यांनी पिशवीतून डबा काढला. डब्यात दोन लाडू, एक बेसनाचा आणि एक मुरमुऱ्याचा. दोन्ही बशीत ठेवून त्यांनी वरून पाणी ओतलं. बेसनाच्या लाडवावरून पाणी ओघळून टेबलावर, तिथून ग्रामसेवकांच्या कागदांवर. मुरमुऱ्याच्या लाडवातून ते आरपार खालच्या बशीत.

"आरं, लाडू वाया घातला की!" मागून एक म्हातारबाबा कळवळले.

सरपंचबाई शेतकरी घरातल्या, बोलायला रोखठोक. त्या म्हणाल्या, "सायेब, लाडवावरनं पोरं फटफटी घालत्यात. मोडंल की."

"बागेत फटफटी घालायचीच नाही."

"ते तुमी सांगा त्येंना. माजा पोरगाच पयला हाय."

सभा हसली. तिथे पेव्हर ब्लॉकचा एक ठेकेदार बसला होता. तो म्हणाला, ब्लॉक आणून ठेवलेत, सांगाल तेव्हा बसवतो, लाडू-बिडू काही नको. सरपंचबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि निकाल दिला. "सायेबांची वाट करू. उद्घाटनालाच पानी ओतून बगू. पानी हुबं राह्यलं तर वरनं ब्लॉक. कबूल?"

"कबूल," साहेब म्हणाले, आणि घरी येऊन रात्रभर व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले.

मे महिन्यात काम निघालं. तुम्ही कधी गवंडी काम करताना पाहिलाय का? काँक्रीट ओतलं की तो थापीने घोटत बसतो. गुळगुळीत आरशासारखं झालं की मग त्याच्या चेहऱ्यावर समाधान येतं. इथे नेमकं तेच करायचं नव्हतं; घोटलं की वरच्या फटी बुजतात. मुख्य गवंड्याला हे सहन होईना. "सायेब, नुसता एक हात फिरवतो. लोक काय म्हनतील मला?" दोनदा पकडल्यावर साहेबांनी सगळ्यांच्या थाप्या गोळा केल्या आणि आमच्या घरी आणून माझ्या कपाटात ठेवायला दिल्या. संध्याकाळी गवंडी एकेक करून आमच्या दारात. "आजी, थापी द्या, घरला जायचंय."

वहिनी एक दिवस काठी टेकत तिथे आल्या. साहेब मूठभर माल हातात दाबून बघत होते, गोळा होतोय का आणि बोटांना रबडी लागतेय का. वहिनींनीही मूठभर उचलून दाबला. "पाक जास्त झालाय," त्या म्हणाल्या.

"काँक्रीटमध्ये पाक नसतो," साहेब रागाने म्हणाले, आणि पुढच्या घाण्याला पाणी कमी केलं.

वाट झाली. ताडपत्रीखाली मुरली. दिसायला ती, खरं सांगायचं तर, कुरूप होती. खडबडीत, करडी, कुणीतरी अर्धवट सोडल्यासारखी. साहेबांनी तिच्याभोवती पाट्या लावल्या. माती सांडू नये. गुरं आणू नयेत. चिखलाच्या चाकाची गाडी आणू नये. माळ्याला सांगितलं, ट्रॅक्टरवाल्यांना सांगितलं, शाळेत जाऊन मुलांना सांगितलं. फटींत माती गेली की संपलं, हे एकच टुमणं. उद्घाटन ठरलं, पाहुणे ठरले. फीत कापायची नाही, पाहुण्यांनी टँकरची तोटी उघडायची आणि सगळ्यांदेखत पाणी वाटेवर सोडायचं, असा बेत होता.

आदल्या दिवशी वहिनींना डॉक्टरांना दाखवायला दोघं शहरात गेले आणि तिथेच नातलगांकडे राहिले. सकाळी परतताना वाहतुकीत अडकले.

गावातल्या बचत गटाच्या प्रमुख सुलाबाई. उद्घाटनाच्या जेवणाचं काम गटाकडे होतं. पहाटे बायका बागेत आल्या आणि त्यांनी ती वाट पाहिली. पाहुणे यायचेत आणि हे असं उघडंबोडकं? मग त्यांनी घरी जाऊन शेण आणलं, लाल माती आणली, कालवली, आणि फाटकापासून सगळी वाट हाताने सारवून काढली. फटी दिसत होत्या तिथे मुठीने माती भरली. वाळल्यावर वर रांगोळ्या घातल्या. मी पोचले तेव्हा मोर, कमळं, स्वागताची अक्षरं, सगळं तयार होतं. फाटकापाशी रांगोळी इतकी दाट की पाऊल ठेवायला जीव धजेना. इतकी सुंदर वाट त्या बागेने कधी पाहिली नव्हती. फटींचं माझ्याही लक्षात आलं नाही. मी सुलाबाईंची तारीफ केली.

पाहुण्यांना पुढे आणखी कार्यक्रम होते. पांढरे कपडे, पांढरे बूट. ते थांबेनात. सरपंचबाई म्हणाल्या, सायेब येतीलच, चालू करा. पाहुण्यांनी तोटीला हात घातला तेवढ्यात साहेबांची गाडी फाटकाशी आली. ते दार उघडून धावत सुटले, दोन्ही हात वर करून, "थांबा! थांबा!" ओरडत. लोकांना वाटलं आनंदाने ओरडताहेत. टाळ्या पडल्या.

पाणी सुटलं. मोरावरून गेलं, कमळावरून गेलं, एक थेंबही खाली गेला नाही. हिरवट लाल लोंढा बुटांवरून, सतरंजीवरून, पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांखालून वाहिला. टाळ्या थांबल्या. ठेकेदार हसला नाही, पण खिशातून फोन काढून त्याने फोटो घेतला.

साहेब सुलाबाईंसमोर जाऊन उभे राहिले. "अक्कल आहे का तुम्हाला? कुणी सांगितलं होतं हे करायला?"

सुलाबाईंच्या हातांना अजून लाल माती होती. "कुनी न्हाई सांगितलं," त्या म्हणाल्या. "नव्या जागेला सारवायचं का न्हाई, ते बी इचारायचं व्हय? तुमी तरी कवा सांगितलं, करू नका म्हून?"

वहिनी गाडीत बसून सगळं ऐकत होत्या. जमीन ओली झालेली, त्या उतरू शकत नव्हत्या.

सरपंचबाई शब्दाच्या पक्क्या. पण त्यांनी एवढी सवलत दिली: पाऊस लागेपर्यंत मुदत. तोवर पाणी खाली जायला लागलं तर ठीक, नाहीतर ब्लॉक.

दोन दिवस साहेब घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी वरण घेऊन गेले तेव्हा वहिनी त्यांना म्हणत होत्या, "तुम्ही बैलांसाठी पाटी लावलीत. बायकांना मात्र एका शब्दाने सांगितलं नाहीत."

"मला सुचलंच नाही."

"मग जा आणि तेच त्यांना सांगा."

ते मला बरोबर घेऊन गेले. मुद्दाम पिशवी न घेता घराबाहेर पडलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं. सुलाबाई पडवीत तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मला पाट दिला. साहेबांना दिला नाही.

"सुलाबाई, चूक माझी आहे," साहेब उभ्यानेच म्हणाले. "साऱ्या गावाला सांगत फिरलो. तुम्हाला सांगायचं मला सुचलं नाही."

सूप थांबलं. "सायेब, माज्या पोरीच्या लग्नात बी मी येवढं मन लावून सारवलं न्हवतं. वहिनी त्या वाटंवरनं चालनार म्हून सारवलं. आमाला काय ठावं न्हाई व्हय, तुमी कुनासाटी करताय ते?"

साहेबांच्या हनुवटीची मला काळजी वाटली, इतकी ती हलत होती.

"आमी घातलंय, आमीच काढू," सुलाबाई म्हणाल्या. "पर तुमी वरडायचं न्हाई."

"नाही ओरडणार."

"आन तांब्या घिऊन आमच्या मागं मागं फिरायचं न्हाई."

हे कबूल करायला त्यांना जास्त वेळ लागला.

आधी सुकं खरवडायचं, खराट्याने झाडायचं, मग जोराच्या पाण्याने धुवायचं असं ठरलं. सरपंचबाईंच्या पुतण्याचं गाड्या धुवायचं दुकान आहे, तिथला पंप आणला. वरून पाण्याचा फवारा मारला की फटींतून माती उसळून वर यायची. ती लगेच बाजूला लोटायची, नाहीतर परत आत. बायका ओचे खोचून रोज येत. साहेबांना तिथे उभं राहवत नसे आणि न ओरडता राहवत नसे, म्हणून ते बागेच्या कुंपणाबाहेरून फेऱ्या मारत. एकदा आत कुणीतरी घमेलं वाटेवरच उपडं केलं तेव्हा कुंपणापलीकडून एक दबलेला हुंकार आला.

"बगा, वरडले न्हाईत," सुलाबाई म्हणाल्या. "नुसते हंबरले."

बायका एवढ्या हसल्या की पंप बंद करावा लागला.

आभाळ रोज खाली येत होतं. डोंगर दिसेनासे झाले. सकाळी उठलं की मी आधी खिडकी उघडून पश्चिमेकडे बघे, आणि पलीकडच्या व्हरांड्यात साहेब तिकडेच बघत उभे असत. बागेच्या आतल्या वळणापासून पुढची वाट मोकळी झाली. तिथे माती पातळ लागली होती. फाटकाजवळचा तुकडा मात्र काही केल्या उघडला नाही. तिथे सारवण जाड होतं आणि रांगोळीची दगडपूड तळापर्यंत जाऊन बसली होती. सरपंचबाईंनी येऊन स्वतः बादली ओतून पाहिली. आतली वाट ठेवली. फाटकाजवळ ब्लॉक बसवायला सांगितलं. ब्लॉक बसत होते तेव्हा साहेब तिकडे पाठ करून उभे होते.

"पुन्हा पाणी ओढ्यात. आणि या वेळी बदलीही नाही," एवढंच ते मला म्हणाले.

पाऊस लागला. साहेब रोज छत्री घेऊन बागेत जात आणि चिंब होऊन परत येत. "थेंब नाही उभा," घरात शिरताना सांगत. वहिनी विणकामातून मान वर करत नसत. "चल, बघायला तरी चल," ते म्हणत. त्या म्हणत, "उद्या." असे बरेच उद्या गेले. साहेबांनी बोलणं कमी केलं. मला तर वाटू लागलं की ती वाट चांगली निघाली नसती तर बरं झालं असतं. मग दोष तरी तिला देता आला असता.

आषाढातल्या एका दुपारी साहेब बँकेच्या कामाला गेले होते. वहिनींचा मला फोन आला. "ताई, मला बागेत न्या. हे यायच्या आत. हे बरोबर असले की माझ्या पावलांकडे टक लावून बघत बसतात, आणि मग मला पडल्यासारखंच वाटतं."

फाटकापर्यंत रिक्षाने आलो. तिथले ब्लॉक आम्ही दोघींनी जवळजवळ एकमेकींना उचलूनच पार केले. ते तेव्हाच बुळबुळीत झाले होते. मग त्यांचं पाऊल साहेबांच्या वाटेवर पडलं. पाऊस सडकून चालला होता. आजूबाजूला गवतात पाणी, झोपाळ्यांखाली पाणी, आणि ती वाट नुसती ओली, काळी, कुठे चकाकी नाही. वहिनींनी काठी टेकली, पाय घासून पाहिला. माझा दंड त्यांनी असा धरला होता की संध्याकाळी वळ दिसले. एक पाऊल, मग थांबणं. मग दुसरं. वळणापर्यंत गेलो, परत फिरलो. केव्हा कोण जाणे, दंडावरची पकड सैल झाली. त्यांनी मला आपली छत्रीही धरायला दिली.

तेवढ्यात फाटकाशी साहेब दिसले. घरी कुलूप बघून धावत आले असणार. "अगं, थांब! हलू नकोस, मी येतो!" ते ओरडले आणि ब्लॉकवर पाय टाकताच त्यांचाच पाय सरकला. फाटकाचा गज हातात आला म्हणून वाचले.

"तुम्ही थांबा तिथेच," वहिनी म्हणाल्या. "मी येते."

आणि त्या माझा दंड सोडून गेल्या. वाट जिथे संपते आणि ब्लॉक सुरू होतात तिथल्या अगदी कडेपर्यंत, काठीच्या आधाराने, एकट्या. तिथे थांबून त्यांनी हात पुढे केला. साहेबांनी आपली छत्री मिटली, कडेच्या गवतातून सावकाश येऊन तो हात धरला आणि वाटेवर चढले. लगेच त्यांची मान खाली गेली, वहिनींच्या पावलांकडे.

"खाली काय बघताय? समोर बघा," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना घेऊन वळल्या.

त्यांना हाक मारावी असं वाटलं, दोघंही भिजत होते. पण ते वळणाच्या पुढे गेले होते, आणि पावसात माझी हाक त्यांना ऐकू गेली नसती.